समोरच्या काचेला तडा: रेझिन, नवी काच की विम्याचा क्लेम?

निवांत_स्वार (धागाकर्ता)

गाडी १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, ११९७ सीसी, चौथं वर्ष चालू. डंपरमागून उडालेल्या खडीने समोरची काच डावीकडे खालच्या कोपऱ्यापाशी टिचली. आता तिथून वीतभर तडा वर गेलाय आणि त्याचं एक टोक काठाला टेकलंय. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी) आहे पण झिरो डेप (भागांच्या जुनेपणाची कपात न करणारं कव्हर) घेतलेलं नाही. सध्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट) ३५ टक्के, बोनस वजा होण्याआधीचा ओडी प्रीमियम (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरता हप्ता) साधारण ९,०००.

प्रश्न असे: रेझिन भरून चालेल का? काच बदलायची तर किती खर्च धरावा? झिरो डेप नाही म्हणजे विम्यातून अर्धेच पैसे मिळणार का?

---

काचकाम

काठाला टेकलेला तडा रेझिनने थांबत नाही, काच बदलावीच लागेल.

समोरची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे काचेचे दोन थर आणि मध्ये पीव्हीबी नावाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा. खडा लागला की बहुतेक वेळा बाहेरचाच थर फुटतो. रेझिन भरतात ते त्या बाहेरच्या थरातल्या पोकळीत: आधी पंपाने हवा ओढून घेतात, मग दाबाने रेझिन सोडतात आणि यूव्ही दिव्याखाली ते कडक करतात. हे जमण्यासाठी टिचकी पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकली जाईल एवढी हवी, काठापासून किमान ५ सेंटीमीटर आत हवी, आणि चालकाच्या नजरेसमोरच्या पट्ट्यात नको. त्या पट्ट्यात रेझिनचा हलका डाग राहतो आणि रात्री समोरच्या गाडीचे दिवे त्यावर फाकतात. आतल्या थरालाही तडा असेल तर प्रश्नच नाही. तपासायला नख पुरतं. आतल्या बाजूने फिरवा, अडकलं तर आतला थरही गेलाय.

काठाजवळचा भाग सगळ्यात वाईट, कारण काच तिथे गोंदाने बॉडीला जखडलेली असते. खड्ड्यात गाडी पिळवटली की ताण आधी काठावर येतो. उन्हात तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडला किंवा बादलीभर गार पाणी मारलं की तडा डोळ्यांदेखत सरकतो. काच बदलेपर्यंत समोरच्या काचेकडे जाणारा झोत बंद ठेवा आणि दारं आपटू नका.

नुसती टिचकी असेल तर पहिलं काम म्हणजे त्यावर स्वच्छ सेलोटेप. धूळ आणि पाणी आत गेलं की रेझिन नीट धरत नाही. क्विकफिक्ससारखा झटपट गोंद भरणारे महाभाग असतात, तसं केलं की पुढे कुणीही ती टिचकी दुरुस्त करू शकत नाही.

---

पाना_पक्कड

खर्चाचे ढोबळ आकडे, फिटिंग आणि जीएसटी धरून. शहर आणि गाडीच्या व्हेरियंटप्रमाणे मागेपुढे होतील.

साधी हॅचबॅक: बाहेरच्या काचवाल्याकडे ४ ते ७ हजार, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ६ ते १०.
मध्यम एसयूव्ही, सेन्सर नसलेली: ८ ते १५ हजार.
कॅमेरा, रेन सेन्सर किंवा अकूस्टिक (आवाज कमी करणारी) काच असलेली वरची व्हेरियंट: १५ हजारांपासून पुढे, कॅलिब्रेशन (कॅमेरा पुन्हा जुळवणं) वेगळं.
परदेशी महागड्या गाड्या: लाखाच्या घरातही जातं.
रेझिनची दुरुस्ती: एका टिचकीला ५०० ते १,५००.

एस्टिमेट घेताना चार ओळी सुट्या लिहून मागा: काच, बाजूची रबर मोल्डिंग (काठाची पट्टी), गोंद व प्रायमर (गोंदाआधीचं अस्तर), मजुरी. "सगळं मिळून" असा एकच आकडा देतात तिथे जुनीच मोल्डिंग परत चिकटवलेली सापडते. वायपरखालच्या काळ्या प्लॅस्टिक पट्टीच्या, म्हणजे काउलच्या, क्लिपा काढताना तुटतात. त्या नव्या टाकणार का, हेही आधीच विचारा.

आणि एकाच गाडीच्या दोन काचा सारख्या नसतात. व्हीआयएन (चासी) नंबर देऊनच काच मागवा. वरच्या व्हेरियंटला सेन्सरचा ब्रॅकेट असतो, खालच्याला नसतो. चुकीची आली तर आरसा बसतो पण सेन्सर लोंबकळत राहतो.

---

विमाविचार

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण हा गैरसमज फार पसरलाय.

काचेच्या भागांवर घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, शून्य. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के. फायबरग्लासवर ३० टक्के. धातूवर गाडीच्या वयानुसार. आणि काचेवर काहीच नाही. त्यामुळे झिरो डेप नसलं तरी काचेची पूर्ण किंमत मंजूर होते. झिरो डेपमुळे फरक पडतो तो मोल्डिंग आणि क्लिपांपुरता, म्हणजे काहीशे रुपयांचा.

खिशातून जातं ते असं:

कंपल्सरी डिडक्टिबल (क्लेममधला स्वतः भरायचा ठरलेला वाटा): १५०० सीसीपर्यंत १,०००, त्यावर २,०००. हे प्रत्येक क्लेमला.
व्हॉलंटरी डिडक्टिबल (स्वतःहून घेतलेला जादा वाटा) घेतलं असेल तर तेही. ऑनलाइन पॉलिसी घेताना स्वस्त दिसतं म्हणून लोक यावर क्लिक करतात आणि विसरतात.
गोंद, प्रायमर वगैरे कन्झ्युमेबल्स, त्याचं कव्हर नसेल तर.
मोल्डिंगची अर्धी किंमत.

पण हे सगळं किरकोळ. खरा खर्च नो क्लेम बोनसचा आहे. एक क्लेम मंजूर झाला की पुढच्या नूतनीकरणाला बोनस शून्य होतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५, ५० ही शिडी पहिल्या पायरीपासून चढावी लागते. लोक फक्त पुढच्या वर्षाचं नुकसान मोजतात, प्रत्यक्षात ते पाच वर्षं चालतं.

तुमचंच उदाहरण घेऊ. क्लेम नाही टाकला तर पुढचे बोनस ४५, ५०, ५०, ५०, ५०. टाकला तर ०, २०, २५, ३५, ४५. फरक ४५ + ३० + २५ + १५ + ५ = १२० टक्के. ओडी ९,००० धरला तर १०,८००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १२,७४४. काच बदलायला ७,५०० लागले तर हातात येणार सहा हजारांच्या आसपास. तुमच्या केसमध्ये क्लेम टाकणं म्हणजे तोटा.

हाच हिशेब प्रत्येक पायरीसाठी करून ठेवलाय. सध्याच्या पॉलिसीवर जो बोनस आहे, त्याप्रमाणे क्लेममुळे पुढच्या पाच वर्षांत एकूण इतका बुडतो (बोनसपूर्व ओडी प्रीमियमच्या टक्क्यांत):

सध्या ० : ५० टक्के
सध्या २० : ८० टक्के
सध्या २५ : १०५ टक्के
सध्या ३५ : १२० टक्के
सध्या ४५ किंवा ५० : १२५ टक्के

आलेल्या रकमेत १८ टक्के मिळवा. विम्यातून मिळणारी निव्वळ रक्कम त्यापेक्षा जास्त असेल तरच क्लेम टाका.

---

शंकासुर

पण आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) दरवर्षी उतरते, त्याबरोबर ओडी प्रीमियमही. मग पाचही वर्षं ९,००० धरणं बरोबर नाही. आणि पाच वर्षं गाडी ठेवणार कोण?

---

विमाविचार

@शंकासुर, पहिला मुद्दा बरोबर. प्रीमियम उतरता धरला तर १२,७४४ चे दहा-अकरा हजार होतील. निर्णय तरीही तोच राहतो, कारण समोर सहा हजारच आहेत. सीमारेषेवरच्या केसमध्ये मात्र हे नक्की धरा.

गाडी विकण्याचं म्हणाल तर बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी विकून नवी घेतली तर विमा कंपनीकडून बोनसचं पत्र घेऊन तो नव्या गाडीला लावता येतो, आणि नव्या गाडीचा ओडी प्रीमियम मोठा असल्याने तिथे तो बोनस जास्त कामाला येतो. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर बोनस जातो, तेवढं सांभाळा.

या काळात दुसऱ्या कारणाने क्लेम करावा लागला तर काचेच्या क्लेमचा वेगळा तोटा तिथेच थांबतो, पण तो अंदाज आज कुणी करू शकत नाही.

एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम करूनही नो क्लेम बोनस टिकवणारं जादा कव्हर) घेतलं असेल तर सगळं गणित बदलतं. त्यात वर्षाला किती क्लेम चालतात आणि काचेला वेगळा नियम आहे का, हे त्या अ‍ॅड-ऑनच्या मजकुरात वाचा. काही ठिकाणी काचेची "दुरुस्ती" बोनसला धक्का न लावता होते पण "बदली" होत नाही. एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

---

घाटमाथा_एसयूव्ही

एडास (कॅमेऱ्याने रस्ता बघून चालकाला मदत करणारी यंत्रणा) असलेल्या गाडीचं काय? २ लिटर डिझेल, बोनस २० टक्के, ओडी १८,००० च्या आसपास. काच, कॅमेरा कॅलिब्रेशन सगळं धरून २८,००० चं एस्टिमेट आलंय.

---

विमाविचार

१८,००० चे ८० टक्के १४,४००. जीएसटी धरून १६,९९२. डिडक्टिबल २,००० आणि किरकोळ जाऊन तुम्हाला पंचवीस हजारांच्या पुढे मिळायला हवेत. क्लेम टाका.

फक्त कॅलिब्रेशनचा खर्च एस्टिमेटमध्ये स्वतंत्र ओळीत दाखवून आधी मंजूर करून घ्या. काम झाल्यावर वेगळं बिल जोडलं की "हे मूळ एस्टिमेटमध्ये नव्हतं" असं उत्तर येतं.

---

पाना_पक्कड

@घाटमाथा_एसयूव्ही, कॅलिब्रेशन टाळू नका. कॅमेरा काचेला चिकटवलेल्या ब्रॅकेटवर बसतो. नवी काच किंचित वरखाली बसली तरी कॅमेऱ्याचा कोन बदलतो, आणि कोनातला अंशभराचा फरक ५० मीटरवर जवळजवळ ९० सेंटीमीटर होतो. लेनची रेघ गाडीला भलत्याच जागी दिसते, आपोआप ब्रेक चुकीच्या वेळी लागतो किंवा लागतच नाही.

स्टॅटिक पद्धतीत सपाट जागेवर गाडीसमोर ठरावीक अंतरावर लक्ष्य-फलक ठेवून स्कॅनरने जुळवतात. त्याआधी टायरची हवा आणि व्हील अलाइनमेंट बरोबर हवी, गाडीत सामान नको. डायनॅमिक पद्धतीत स्पष्ट पट्टे असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवून जुळवतात. काही गाड्यांना दोन्ही लागतात. झाल्यावर स्कॅनरच्या रिपोर्टची प्रत मागा. डॅशवर एरर नाही म्हणजे जुळलं, असं धरू नका.

रेन सेन्सरमागचा पारदर्शक जेलचा पॅड नवा टाका. जुना परत लावला की हवेचे बुडबुडे राहतात आणि कोरड्या उन्हात वायपर सुरू होतो.

---

अनघा_ठाणे

काच कुठली घ्यावी? कंपनीचा लोगो असलेली आणि नसलेली यांत किमतीचा बराच फरक सांगतात.

---

काचकाम

अनघाताई, गाडी कंपन्या काच स्वतः बनवत नाहीत. भारतात बहुतेक गाड्यांना असाही इंडिया किंवा सेंट-गोबेन सेक्युरिट या कंपन्यांची काच येते. त्याच कारखान्याची, गाडीचा लोगो नसलेली काच बाहेर कमी किमतीत मिळते आणि ती चांगली असते. कोपऱ्यातला छाप वाचा. बनवणाऱ्याचं नाव, आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ हा मानक क्रमांक हवा. छापच नसलेली किंवा छाप खरवडलेली काच घेऊ नका.

बसवण्याआधी काच उभी धरून तिरप्या नजरेने ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. रेघ लहरत असेल तर परत पाठवा. तीच लहर लांबच्या प्रवासात डोळे दुखवते.

गडद काच मागू नका. मोटार वाहन नियम १०० प्रमाणे समोरून आणि मागून ७० टक्के, बाजूंनी ५० टक्के उजेड आत यायलाच हवा.

खरं सांगायचं तर काचेपेक्षा बसवणाऱ्याचा हात महत्त्वाचा. उत्तम काच वाईट बसवली तर गळते, आवाज करते, आणि अपघातात निखळते. प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग फुगताना समोरच्या काचेचा आधार घेऊन प्रवाशाकडे वळते. काच सुटली तर बॅग बाहेर जाते. म्हणून काम चालू असताना हे बघा:

जुनी काच तारेने कापली तर रंग वाचतो. सुरीने घाईत कापली की कडेचा रंग खरवडतो. खरवडलेल्या जागी प्रायमर लावलाच पाहिजे, नाहीतर गोंदाखाली गंज धरतो आणि एक-दोन पावसाळ्यांत पाणी आत यायला लागतं. कोकणात तर त्याहून लवकर.

जुना गोंद पत्र्यापर्यंत खरवडायचा नाही. १ ते २ मिलिमीटरचा थर ठेवून सपाट कापायचा, ताजा गोंद त्यावर सगळ्यात घट्ट धरतो.

नव्या काचेच्या काठावरचा काळा पट्टा गोंदाला उन्हापासून वाचवतो. तो क्लीनरने पुसून त्यावर प्रायमर, आणि बाटलीवर लिहिली असतील तितकी मिनिटं सुकू द्यायचा. पुसल्यावर तिथे बोट लागलं तर पुन्हा पुसायचं.

गोंद पॉलियुरेथेनच (पीयू) हवा. सिलिकॉन चालत नाही. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर समजा की बाथरूमचं सिलिकॉन भरताहेत, काम थांबवा. पीयूच्या नळकांड्यावरची मुदत वाचा, उघडं राहिलेलं नळकांडं वापरू देऊ नका.

गोंदाची धार त्रिकोणी, साधारण १२ मिलिमीटर उंच आणि अखंड हवी. किती लागतो तेही कळतं: १० मिलिमीटर तळ आणि १२ उंची म्हणजे छेद ६० चौरस मिलिमीटर. हॅचबॅकच्या काचेचा घेर ४ मीटर धरला तर २४० मिलिलिटर. म्हणजे ३१० मिलीचं एक नळकांडं पुरतं. ५ मीटर घेराच्या एसयूव्हीला ३०० मिली लागतो, तिथे एका नळकांड्यात भागवायला गेले की शेवटी धार बारीक होते. मोठ्या गाडीला ६०० मिलीचा पाऊच मागा.

धार सोडल्यावर वर साय धरायच्या आत काच बसली पाहिजे. मध्येच चहाला गेले तर ती धार काढून नवी मारायला लावा.

---

पाना_पक्कड

+१. बसवल्यानंतरचं राहिलं. गाडी कधी हलवायची ते गोंदावर अवलंबून असतं, कुठे तासाभरात, कुठे सहा-आठ तास. पाऊचवर "सेफ ड्राइव्ह अवे" वेळ छापलेली असते. पहिला दिवस एक काच बोटभर उघडी ठेवा. सगळं बंद करून दार आपटलं की आतली हवा ओल्या गोंदाला बाहेर ढकलते. टेप लावली असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत काढू नका. दोन दिवस प्रेशर वॉशिंग नको.

पावसाळ्यात काम करायचं असेल तर शेडखालीच. पीयू हवेतल्या दमटपणानेच कडक होतो, त्यामुळे ओलसर हवा चालते. चिकटवायच्या पृष्ठभागावर थेंब मात्र नको.

दोन दिवसांनी नळाची साधी धार काचेच्या खालून वर सोडत जा, आत दुसऱ्याने बसून बघायचं. पाणी दिसेल तिथेच गळती असेल असं नाही, ते खांबाच्या आतून उतरून पायाखालच्या कार्पेटमध्ये येतं. कार्पेट दाबून बघा. ताशी ८० किमीच्या वर शिट्टी वाजत असेल तर बहुधा मोल्डिंग उचललेली आहे.

---

निवांत_स्वार

हिशेब पटला, स्वखर्चानेच बदलणार. एक राहिलं, फास्टॅगचं काय? काचेवरून सोडवून नव्या काचेला लावता येतो का?

---

टोलनाका_निरीक्षक

नाही. तो काढताना आतली अँटेना फाटते, तशीच रचना केलेली आहे. ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याच अ‍ॅपवर "टॅग खराब" कारण देऊन बदली टॅग मागवा, साधारण १०० रुपये लागतात, शिल्लक त्याच खात्यात राहते. काच बदलायच्या आधीच मागवून ठेवा. दुसऱ्या बँकेचा नवा काढायला गेलात तर जुना आधी बंद करावा लागतो, एका गाडीला एकच टॅग चालतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेसह एमएसआरडीसीच्या (राज्य रस्ते विकास महामंडळाच्या) नाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग नसेल तर दुप्पट टोल आहे.

एचएसआरपीचा (हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचा) काचेवरचा स्टिकर सगळे विसरतात. पेट्रोल-सीएनजीला निळा, डिझेलला केशरी, तोही काढताना फाटतो. एप्रिल २०१९ नंतरची गाडी असेल तर डीलरकडूनच मागवा.

---

विमाविचार

जे क्लेम टाकणार आहेत त्यांच्यासाठी क्रम:

काच काढायच्या आधी कळवा. काम करून मग बिल पाठवलं तर नाकारायला आयतं कारण मिळतं. तड्याचे फोटो, नंबर प्लेटसह पूर्ण गाडीचा फोटो, आरसी, लायसन्स, पॉलिसी. ५०,००० च्या आतल्या मोटार नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर बंधनकारक नाही, त्यामुळे काचेचे क्लेम बहुतेक अ‍ॅपवरच्या व्हिडिओवर किंवा कंपनीच्या माणसाच्या पाहणीवर निघतात. मंजुरी लेखी आल्यावरच काच काढू द्या.

घटनेची तारीख खरी द्या. पॉलिसीत मध्ये खंड पडला असेल तर नूतनीकरणाच्या पाहणीत जुना तडा नोंदला जातो आणि त्या काचेचा क्लेम मिळत नाही. दोन वेगळ्या वेळी दोन काचा फुटल्या असतील तर ते दोन क्लेम, दोनदा डिडक्टिबल. वायपरने पडलेले ओरखडे ही झीज, त्याला पैसे नाहीत. फक्त थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरती) पॉलिसी असेल तर स्वतःच्या काचेला काहीच नाही.

क्लेम नोंदवून विचार बदलला तर मागे घेतल्याचं लेखी घ्या. नूतनीकरणाच्या वेळी तो प्रलंबित दिसला तर बोनस अडतो. आणि क्लेम घेऊन दुसऱ्या कंपनीकडे "बोनस ३५" असं सांगून पॉलिसी काढू नका. कंपन्या एकमेकींकडे खात्री करतात, आणि हे मोठ्या अपघाताच्या क्लेमच्या वेळी बाहेर येतं.

विमा कंपनीकडे तक्रार केल्यावर ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही.

---

शंकासुर

डंपरवाल्याकडून वसूल करता येत नाही का? त्याचा थर्ड पार्टी विमा असतोच की.

---

विमाविचार

कागदावर येतं. त्यासाठी डंपरचा नंबर, खडी त्याच्याच हौद्यातून उडाल्याचा पुरावा, पोलिसांत नोंद आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या तारखा. सात हजारांच्या काचेसाठी कुणी जात नाही. डॅशकॅम असेल तर उघडी खडी वाहून नेल्याची तक्रार वाहतूक पोलिसांकडे जरूर करा.

---

अनघा_ठाणे

मागची आणि दाराची काच फुटली तर हाच हिशेब?

---

काचकाम

बोनसचा हिशेब तोच. काच वेगळी: तिथे टफन्ड असते, तडा जात नाही, एकदम दाणे होऊन पडते, म्हणून रेझिनचा प्रश्नच येत नाही. दाराची काच गोंदाने बसत नाही, तासा-दीड तासात होते आणि स्वस्तही असते. मात्र दाराच्या पोकळीतले सगळे दाणे व्हॅक्यूमने काढायला लावा. राहिले की काच वरखाली करताना नवीवर ओरखडे पडतात आणि खालची पाणी जायची भोकं बुजतात. मागच्या काचेला डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) तारा असतात, बसवल्यावर तो चालू करून बघा. चोरीसाठी काच फोडली असेल आणि क्लेम टाकणार असाल तर आधी पोलिसांत नोंद करून प्रत घ्या.